सलग विमान आणि रेल्वे: डबा कसा भरावा, काय किती तास टिकतं?

तिरपीवाट:
१४ तासांचं विमान, मग ५ तासांचा थांबा, दुसरं २ तासांचं विमान आणि उतरल्यावर दुसऱ्या देशात ९ तासांची रेल्वे. सोबत आई आहे. तिला मधुमेह आहे आणि ती जेवणाआधी इन्सुलिन घेते. आम्ही मांस-मासे खात नाही, अंडी आणि दूध चालतं. विमानात पोट फुगतं, जेवण बेचव लागतं, आणि घरून नेलेलं रेल्वेत बसेपर्यंत आंबतं, हे टाळायचं आहे. डब्यात नेमकं काय, किती आणि कोणत्या क्रमाने भरावं? विमान कंपनीला आधी काय सांगून ठेवावं?

कोरडाशिधा:
रेल्वेतलं जेवण घरून न्यायचा विचार सोडा, इथूनच सुरुवात करा. शिजवलेलं ओलसर अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. बाहेर २ तास ही मर्यादा धरा, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच. तुमचा प्रवास तीस तासांचा आहे. शिवाय बरेच देश ताजी फळं, अंडी, दुधाचे पदार्थ, बिया आत येऊ देत नाहीत किंवा उतरताना लेखी जाहीर करायला लावतात. उरलेलं विमानातच संपवा किंवा टाका, आणि शंका असेल तर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवली तर दंड होतो.

घरच्या डब्याचे तीन भाग करा. पहिला भाग फ्रीजमधून काढलेला, घरून निघाल्यापासून विमानात बसेपर्यंत संपणारा: उकडलेली अंडी सालीसकट (माणशी २), चीजचं सँडविच. सँडविच आदल्या रात्री गोठवलं तर तेच बर्फाच्या पाकिटाचं काम करतं आणि खाण्याच्या वेळेपर्यंत मऊ होतं. मात्र त्यात अंडं, काकडी किंवा पालेभाजी घालू नका. गोठवल्यावर पांढरा बलक रबरासारखा होतो आणि काकडी पाणी सोडते. जेलचं पाकीट नेणार असाल तर ते तपासणीच्या वेळी दगडासारखं घट्ट हवं. अर्धवट वितळलेलं पाकीट बऱ्याच ठिकाणी द्रव म्हणून अडवतात. पाकीट वितळून डबा हाताला कोमट लागला की ते २ तास सुरू झाले असं समजा.

दुसरा भाग कोरडा: भाजलेले शेंगदाणे, बदाम, अक्रोड (माणशी, एका वेळेला ३० ग्रॅम), कडक बिस्किटं, घट्ट जुनं चीज, अख्खं सफरचंद, संत्रं. फळं चिरून नेऊ नका. चिरलेल्या फळालाही २ तासांचाच नियम लागतो, आणि केबिनमध्ये सुरी चालत नाही, म्हणून हाताने सोलता येतील अशी घ्या. केळी किंचित हिरवट आणि कडक डब्यात.

तिसरा भाग म्हणजे पाणी घालून होणारं जेवण. एका पुडीत ४० ग्रॅम बारीक ओट्स, १० ग्रॅम दूध पावडर, १५ ग्रॅम कुटलेला सुकामेवा, चिमूटभर मीठ. रुंद तोंडाच्या डब्यात रिकामी करून १५० मिलि गरम पाणी घाला. विमानात केबिनच्या दाबाला पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं आणि मिळतं ते त्याहून कोमट, म्हणून झाकून ८ ते १० मिनिटं थांबा. घाई केली तर मधे कोरडा गोळा राहतो.

भात शक्यतो नकोच. तांदळातले काही जंतूंचे बीजाणू शिजूनही जगतात, भात हळूहळू गार होताना वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. न्यायचाच असेल तर पसरट ताटात २ सेंमीच्या थरात गार करून तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा, आणि पहिल्या जेवणातच संपवा. गरम असताना डब्याचं झाकण लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. झाकणाला धरलेली वाफ परत अन्नात ठिबकते आणि मधला भाग तासन् तास कोमट राहतो.

दहाहजारमीटर:
पोट फुगण्यामागे हवेचा दाब आहे. विमान १०-१२ किमी उंचीवर असतं, पण आतला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तितका ठेवतात. त्या दाबाला आतड्यातला वायू साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाने फुगतो. म्हणून आदल्या रात्रीपासून कडधान्यं, कोबी, कच्चा कांदा आणि फसफसणारी पेयं बंद. च्युइंग गमने हवा गिळली जाते. 'बिनसाखरेच्या' गोळ्यांवर सॉर्बिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ) लिहिलेलं असेल तर त्यानेही वायू होतो. मधुमेह असलेल्यांच्या पिशवीत हमखास असतात त्या, आईची पिशवी बघून घ्या. एका वेळी भरपेट न खाता दर ३-४ तासांनी थोडं थोडं खाल्लं तर बरं वाटतं.

हाच दाब बाटल्यांनाही लागू. नळीची बाटली वर गेल्यावर उघडली तर आतली फुगलेली हवा पाणी नळीतून अंगावर उडवते. आधी झाकण जरासं फिरवून हवा सोडा, मग नळी वर करा. दह्याचा सीलबंद कप स्वतःपासून लांब धरून एका कोपऱ्यातून उघडा. उलट, वर असताना घट्ट लावलेला डबा खाली उतरल्यावर उघडत नाही. झाकणाची कड नखाने उचलून हवा आत जाऊ द्या.

चवीचं कारण वेगळं. केबिनची हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली. नाक सुकतं आणि वास मंदावतो. इंजिनाचा आवाज ८५ डेसिबलच्या आसपास. कॉर्नेल विद्यापीठातल्या २०१५ च्या प्रयोगात तेवढ्या गोंगाटात गोड चव फिकी आणि उमामी (मशरूम, जुन्या चीजमधली भरीव, खमंग) चव ठळक लागली. त्यामुळे टोमॅटो, मशरूम, जुनं चीज यांची चव टिकते. आंबट आणि भाजलेल्या मसाल्याचाही उपयोग होतो. वरून मीठ मात्र वाढवू नका, तहान लागते आणि पाय सुजतात. पाणी दर तासाला अर्धा-पाऊण पेला.

खिडकीपाशी:
खास जेवणाबद्दल. निघण्याआधी किमान ४८ तास नोंदवा, काही कंपन्यांना २४ तास पुरतात. तुमच्यासाठी 'व्हीएलएमएल' हा जेवणाचा कोड: दूध आणि अंडी चालणारं शाकाहारी. 'व्हीजीएमएल' मागितलं तर बहुतेक ठिकाणी दूधही नसलेलं येतं. 'डीबीएमएल' म्हणजे मधुमेहींचं जेवण, पण त्यात मांस असू शकतं, आणि सहसा एका प्रवाशाला एकच कोड लागतो. म्हणून आईसाठीही 'व्हीएलएमएल' घ्या आणि ताटातला ब्रेड, गोड पदार्थ, रस यांचा हिशेब स्वतः करा. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर नोंद पुढे जातेच असं नाही, ज्यांचं विमान उडणार त्यांच्याकडे खात्री करा. तिकीट बदललं की नोंद पुन्हा करायची.

तिरपीवाट:
खूप उपयोगी. आता दोन गोष्टी: आईने इन्सुलिन नेमकं कधी घ्यायचं? आणि उतरल्यावर रेल्वेसाठी काय विकत घेऊ?

मात्रावेळ:
जेवणाआधीचं जलद इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यायचं, जेवणाची ढकलगाडी रांगेत दिसली म्हणून नाही. हवेत धक्के सुरू झाले तर वाढणं अर्ध्यावर थांबतं आणि साखर उतरायला लागते. उतरलीच तर १५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. फळांच्या रसाची मोठी बाटली तपासणीत १०० मिलिच्या नियमाने (हातातल्या पिशवीत त्याहून मोठ्या बाटलीत द्रव नको) अडू शकते, म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. ४ ग्रॅमची एक असेल तर चार. त्या वरच्या कप्प्यात नकोत, आईच्या खिशात हव्यात.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत. सामानाच्या कोठारात ते गोठू शकतं आणि गोठलेलं वापरता येत नाही. जेलच्या पाकिटाला थेट टेकवू नका, मध्ये कापड ठेवा. इन्सुलिनच्या पेनला सुई लावून ठेवू नका, दाब बदलल्यावर आत बुडबुडे होतात. टोचण्याआधी नेहमीप्रमाणे २ युनिट हवेत सोडून बघा. दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनची वेळ घड्याळ बदलल्यावर कशी सरकवायची, हे डॉक्टरांकडून तासांनुसार लिहून घ्या, आणि औषधाची चिठ्ठीही जवळ ठेवा.

कोरडाशिधा:
रेल्वेसाठी उतरल्यावर ताजी खरेदी. द्रवाची मर्यादा आता नाही, त्यामुळे साधं दही घेता येईल, ते पहिल्या २ तासांत संपवा. मग ब्रेड, घट्ट चीज, केळी, सीलबंद पाणी माणशी २ लिटर. गरम हवं असेल तर रुंद तोंडाचा थर्मास उकळत्या पाण्याने भरून १० मिनिटं ठेवा, ते पाणी ओतून द्या आणि उकळतं सूप काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास फार लवकर निवतो. वाफाळणं थांबून नुसतं कोमट झालं असेल तर आईला देऊ नका. गाडीच्या खाद्यडब्यावर सगळी भिस्त नको. गाडी उशिरा धावते तेव्हा तिथलंही संपतं. माणशी दोन ओट्सच्या पुड्या आणि ६० ग्रॅम शेंगदाणे शेवटपर्यंत राखून ठेवा. त्यातलं दूध आणि दाणे उतरताना जाहीर करायचे आहेत, म्हणून पुड्यांवर आत काय आहे ते स्पष्ट लिहा. ज्या देशात उतरणार त्याची यादी आधी वाचा, आणि दूध पावडर तिथे चालत नसेल तर ती घरूनच वगळा.