डॅलस मॅव्हरिक्स, २०१०-११: श्रेय डर्कचे की बाकावरच्या खेळाडूंचे?

प्रश्न : दिग्रसचा_क्रीडाशिक्षक

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रस तालुक्यातल्या एका गावी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्याकडे मुरमाचे मैदान, दोन बोर्ड आणि तालुकास्तरीय शालेय स्पर्धेत उतरणारा मुलांचा एक बास्केटबॉल संघ आहे. त्या संघात एक मुलगा उंच असून त्याचा नेमही चांगला आहे, त्यामुळे चेंडू हाती आला की तो डोळे झाकून त्याच्याकडे सोपवायचा आणि उभे राहून पाहत बसायचे, अशी सवय बाकीच्यांना लागली आहे. पावसाळ्यात मैदानावर पाय ठेवता येत नाही, त्या दिवसांत मुलांना वर्गात प्रोजेक्टरवर एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतील डॅलस मॅव्हरिक्स संघाचे २०१०-११ च्या हंगामातील निवडक सामने दाखवावेत असे मनात आहे.

हंगामाची रूपरेषा मला ठाऊक आहे. नियमित हंगामातील ८२ सामन्यांपैकी ५७ जिंकून हा संघ पश्चिम विभागात तिसरा आला आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीच्या मालिकांत, त्याने पोर्टलंडला ४-२, लेकर्सला ४-०, ओक्लाहोमा सिटीला ४-१ आणि अंतिम मालिकेत मायामी हीटला ४-२ असे हरवले. लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश हे तिघे त्याच वर्षी मायामीत एकत्र आले होते आणि अंतिम मालिकेपूर्वी बहुतेकांचा कौल त्यांच्याच बाजूने होता.

अडचण अशी की हे विजेतेपद सगळीकडे संघातील उंच खेळाडू डर्क नोविट्झ्कीच्या नावावर सांगितले जाते. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. मुलांनी सामने पाहून “म्हणजे सर, उंच माणसाकडे चेंडू द्यायचा हेच बरोबर” असा अर्थ काढला, तर माझा सगळा खटाटोप माझ्यावरच उलटेल. हा संघ नेमका कशामुळे जिंकला आणि कोणते सामने दाखवावेत, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : आर्वीकर

गुरुजी, आपण संघ योग्य निवडला आहे. फक्त सामना निवडताना अंतिम मालिकेपासून सुरुवात करू नका. ८ मे २०११ रोजी झालेला लेकर्सविरुद्धचा चौथा सामना आधी दाखवा. लेकर्स त्या वेळी सलग दोन वर्षांचे विजेते होते आणि फिल जॅक्सन त्यांचे प्रशिक्षक होते. डॅलसने तो सामना १२२-८६ असा जिंकला. त्यात डॅलसच्या राखीव खेळाडूंनी मिळून ८६ गुण केले, म्हणजे लेकर्सच्या अख्ख्या संघाने जेवढे केले तेवढेच. जेसन टेरीने तीन गुणांचे ९ शॉट घातले, पेया स्टोयाकोविचने तीन गुणांच्या ६ पैकी ६ शॉटमध्ये नेम साधला आणि होझे बारेआने २२ गुण केले. हे तिघेही सुरुवातीच्या पाचांत नव्हते. जॅक्सन यांचा प्रशिक्षक म्हणून तो शेवटचा सामना ठरला.

या तिघांविषयी मुलांना थोडे सांगून ठेवावे. टेरी हा सुरुवातीपासून खेळण्याच्या योग्यतेचा माणूस, पण वर्षानुवर्षे त्याने बाकावरून उठून मैदानात येण्याचे काम पत्करले होते. २००६ च्या अंतिम मालिकेत डॅलस २-० ने पुढे असूनही याच मायामीकडून ४-२ ने हरले होते आणि त्या संघातले दोघेच, डर्क आणि टेरी, २०११ पर्यंत टिकले होते. हंगाम सुरू होण्यापूर्वीच टेरीने विजेतेपदाचा चषक दंडावर गोंदवून घेतला होता. स्टोयाकोविच हंगामाच्या मध्यावर आला, कारण कॅरन बटलरचा गुडघा १ जानेवारीच्या सामन्यात जायबंदी झाला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. मधल्या फळीतला मुख्य खेळाडू गमावूनही जो संघ विजेता होतो, त्याला एका माणसाचा संघ म्हणणे मला तरी पटत नाही.

टायसन चँडलर यांचे नाव तर अशा चर्चांत नेहमीच मागे राहते. २०१० च्या उन्हाळ्यात शार्लटकडून त्यांना आणले, आणि तोवर नाजूक समजल्या जाणाऱ्या डॅलसच्या बचावाला बास्केटखाली कणा मिळाला.

उत्तर : चिखलीचा_प्रेक्षक

आर्वीकर भाऊंनी दिलेले आकडे खरे आहेत, पण त्यांनी सोयीचा सामना निवडला आहे. डिसेंबरच्या अखेरीस डर्कच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो ९ सामने खेळू शकला नाही. त्या ९ पैकी ७ सामने डॅलसने गमावले. टेरी, किड, चँडलर, मॅरियन हे सगळे तेव्हाही संघात होतेच. बाकावरचे खेळाडू इतके समर्थ होते, तर त्या दिवसांत त्यांनी संघ तारून का नेला नाही?

प्लेऑफमधील अटीतटीचे सामने घ्या. ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात डर्कने ४८ गुण केले, त्यात फ्री थ्रो (फाऊलमुळे मिळणारे मोकळे शॉट) २४ पैकी २४ आणि मैदानातून शॉट १५ पैकी १२. त्याच मालिकेतील चौथ्या सामन्यात शेवटची पाचेक मिनिटे उरली असताना डॅलस १५ गुणांनी मागे होते. डर्कच्या ४० गुणांच्या बळावर तो सामना जादा वेळेत गेला आणि ११२-१०५ असा जिंकला. अंतिम मालिकेतील दुसऱ्या सामन्यात तर सात मिनिटांच्या आसपास वेळ उरला असताना मायामी ८८-७३ असे पुढे होते. वेडने डॅलसच्या बाकासमोरच तीन गुणांचा शॉट घातला आणि मायामीच्या खेळाडूंनी तिथेच जल्लोष सुरू केला. त्यानंतर डॅलसने २२ गुण केले आणि केवळ ५ दिले. शेवटचा बास्केट, ३.६ सेकंद उरले असताना, डर्कने बॉशला चुकवून डाव्या हाताने घातला, आणि पहिल्या सामन्यात दुखावलेले बोट त्याच हाताचे होते. चौथ्या सामन्यात अंगात ताप असताना तो खेळला आणि डॅलस ८६-८३ ने जिंकले. पूर्ण अंतिम मालिकेत ४६ फ्री थ्रोंपैकी त्याचा एकच चुकला.

हे सामने आपल्याकडे पहाटे साडेपाच-साडेसहाला लागत. मृगाचे दिवस होते, घरोघरी पेरणीची लगबग होती आणि भारनियमनाच्या वेळापत्रकातून जे पाहायला मिळे ते पदरात पाडून घ्यावे लागे. तेवढ्या तुटक पाहण्यातही एक गोष्ट स्पष्ट दिसे, की सामना हातातून निसटू लागला म्हणजे डॅलसचा प्रत्येक खेळाडू डर्ककडेच पाहत असे. गुरुजी, मुलांना हे लपवून दाखवू नका. उंच मुलाकडे चेंडू देणे ही चूक नाही.

उत्तर : पंच_अचलपूर

श्रेयाच्या वादात न पडता गुरुजींच्या उपयोगाची एक बाब सांगतो. त्या वर्षी डॅलसने मोठ्या प्रमाणावर झोन बचाव (ठराविक खेळाडूऐवजी मैदानाचा ठराविक भाग राखणे) वापरला आणि त्याचे शिल्पकार साहाय्यक प्रशिक्षक ड्वेन केसी होते. एनबीएमध्ये झोनला २००१-०२ च्या हंगामापासून परवानगी मिळाली, मात्र प्रतिस्पर्धी खेळाडू जवळ नसेल तर बचाव करणाऱ्याला बास्केटखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आपल्या शालेय स्पर्धा आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमांनी होतात आणि त्यांत बचाव करणाऱ्यावर हे बंधन नाही. त्यामुळे चँडलरला सतत आत-बाहेर करावे लागत होते, ते आपल्या उंच मुलाला करावे लागणार नाही. तीन गुणांची रेषाही आपल्याकडे ६.७५ मीटरवर आहे, एनबीएत ती ७.२४ मीटरवर आहे. सामना दाखवताना हे दोन फरक आधीच सांगितले नाहीत, तर मुले प्रत्यक्ष खेळताना गोंधळतील. शिवाय तिकडे खेळाडू सहाव्या फाऊलला बाहेर जातो आणि आपल्याकडे पाचव्याला, तेव्हा बदली खेळाडू तयार ठेवण्याची गरज आपल्यालाच जास्त आहे.

दिग्रसचा_क्रीडाशिक्षक

सर्वांचे आभार. फाऊलचा मुद्दा आमच्या संघाला नेमका लागू पडतो. तो मुलगा बाहेर गेला की बाकीच्यांचे अवसानच गळते.

चिखलीच्या भाऊंना एक विचारतो. पोर्टलंडविरुद्धच्या चौथ्या सामन्यात डॅलस २३ गुणांनी पुढे असूनही ८४-८२ ने हरले, असे वाचले. पोर्टलंडच्या ब्रँडन रॉयने शेवटच्या क्वार्टरमध्ये एकट्याने १८ गुण केले होते. तेव्हा डर्क मैदानात होता ना? मग एका माणसाने सामना वाचवण्याचा न्याय तिथे का लागू पडला नाही?

उत्तर : चिखलीचा_प्रेक्षक

होता, आणि तो पराभव जिव्हारी लागणारा होता, हे मान्य करतो. २००६ च्या अंतिम मालिकेतही तिसऱ्या सामन्यात १३ गुणांची आघाडी अशीच गेली होती. २००७ मध्ये नियमित हंगामात ६७ सामने जिंकूनही हा संघ पहिल्याच फेरीत आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेटकडून बाद झाला होता. त्यामुळे त्या रात्रीनंतर हाही हंगाम तसाच जाणार असे अनेकांना वाटले. डॅलसने पुढचे दोन्ही सामने जिंकून मालिका संपवली. तिथे एकट्या डर्कचे नाव घेण्याचा आग्रह मी धरत नाही.

उत्तर : आर्वीकर

मग माझेही एक पाऊल मागे. डर्कशिवाय हा संघ अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला नसता. पण गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर मला वेगळ्या ठिकाणी दिसते.

डर्क जवळजवळ सात फुटांचा. एका पायावर मागे झुकत तो शॉट मारी तेव्हा एकट्या बचावपटूला त्याच्यापर्यंत पोहोचताच येत नसे. साहजिकच प्रतिस्पर्धी त्याच्या अंगावर दोन माणसे पाठवत. दोघे त्याच्याकडे गेले की मैदानात कोणीतरी एक मोकळा असणारच, आणि डर्क चेंडू धरून न ठेवता बाहेर काढत असे. तिथून तो किडकडे, किडकडून टेरीकडे किंवा कोपऱ्यातल्या मॅरियनकडे, असा फिरत फिरत सर्वांत मोकळ्या माणसापर्यंत पोहोचे. अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात डॅलसने तीन गुणांचे १९ पैकी १३ शॉट घातले, ते अशाच फिरवलेल्या चेंडूचे फळ होते. म्हणजे चेंडू उंच माणसाकडे जात होताच. फरक इतकाच की तो तिथे गेल्यावर बाकीचे चौघे उभे राहून पाहत नव्हते.

दुसरी गोष्ट प्रशिक्षक रिक कार्लाइल यांची. मालिकेत १-२ असे मागे पडल्यावर त्यांनी चौथ्या सामन्यापासून डिशॉन स्टीव्हन्सनला बाकावर बसवले आणि बारेआला सुरुवातीच्या पाचांत घेतले. बारेआ हा एनबीएच्या मानाने अगदीच ठेंगणा, जेमतेम सहा फुटांचा. मायामीच्या उंच बचावापुढे हा बदल धाडसाचा वाटला होता, पण चेंडू घेऊन वेगाने आत शिरण्याची त्याची हातोटी मायामीला शेवटपर्यंत आवरता आली नाही. त्यानंतरचे तिन्ही सामने डॅलसने जिंकले. स्टीव्हन्सननेही तोंड पाडून न बसता बाकावरून येऊन आपले शॉट घातले, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ब्रेंडन हेवूड जायबंदी झाल्यावर ब्रायन कार्डिनल आणि इयान माहिनमी या क्वचित खेळणाऱ्यांनाही अंतिम मालिकेत मिनिटे द्यावी लागली आणि त्यांनी ती निभावली.

आणि १२ जूनचा सहावा सामना. पूर्वार्धात डर्कचे १२ पैकी फक्त १ शॉट बास्केटमध्ये गेले आणि त्याचे ३ गुण होते. टेरीने तोवर १९ गुण करून संघाला पुढे ठेवले. उत्तरार्धात डर्कने १८ गुण जोडले, टेरी २७ वर थांबला आणि डॅलस १०५-९५ ने जिंकले. आम्हा दोघांचेही म्हणणे या एकाच सामन्यात सापडते.

उत्तर : चिखलीचा_प्रेक्षक

सहाव्या सामन्यावर एकमत. फक्त पूर्वार्धात टेरीकडे बचावातला दुसरा माणूस का वळत नव्हता, तेही मुलांना दाखवा. तो दुसरा माणूस डर्कच्या सावलीत उभा असे. डर्कचा नेम चुकत होता, तरी मायामीने त्याला मोकळे सोडले नाही.

दिग्रसचा_क्रीडाशिक्षक

आता चित्र स्पष्ट झाले. आधी सहावा सामना पूर्ण, मग लेकर्सविरुद्धचा चौथा आणि पोर्टलंडविरुद्धच्या चौथ्या सामन्याचा फक्त शेवटचा क्वार्टर, असा क्रम ठरवतो. सहाव्या सामन्याच्या पूर्वार्धात प्रत्येक वेळी डर्ककडे चेंडू गेला की चित्र थांबवून मुलांना विचारेन की मोकळा कोण आहे. अचलपूरच्या पंच महोदयांना विनंती, की २-३ झोनमध्ये (पुढे दोघे, मागे तिघे) उंच मुलाला मध्ये उभे करून बाजूच्या दोघांनी कोपऱ्यापर्यंत कसे सरकावे, हे सवड मिळेल तेव्हा सविस्तर लिहावे. आमच्या मुलांकडून कोपरा नेहमीच उघडा राहतो.

उत्तर : पंच_अचलपूर

लिहितो. तोवर एवढे करून पाहा: चेंडू कोपऱ्यात गेला की मागच्या ओळीतला त्या बाजूचा मुलगा बाहेर निघेल, मधला त्याची जागा घेईल आणि पलीकडचा बास्केटसमोर येईल. तिघांनी चेंडू हवेत असतानाच हलायचे आहे, चेंडू हातात पडल्यावर नव्हे. सुरुवातीला बोर्डाकडे न पाहता केवळ पासवर सरकण्याचा सराव घ्या, शॉट मारू देऊ नका.