मुलांसाठी मिक्स मीडिया कोलाज: गम, कागद आणि कल्पना सुचवा

रानजाई
नमस्कार मंडळी. मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ४ चा. दोघांना कागदाचं कोलाज करायला बसवायचंय, पण मासिकातली चित्रं कापून चिकटवणं नको, ते भरपूर झालंय आणि मोठी त्याला कंटाळलीये. रंग, कापडाचे तुकडे, लोकर, जुनी पाकिटं असं सगळं त्यात यावं आणि दोघांना एकाच टेबलावर बसता यावं. अडचणी सांगते. खाली साधा प्रिंटरचा कागद घेतला होता, तो वाळला की आक्रसतो आणि कडा वर येतात. मोठीचं कात्रीशी जमत नाही, कागद पात्यांमध्ये दुमडतो आणि मग ती चिडते. धाकटा गम कोपरापर्यंत लावून घेतो.
बजेट आधीच सांगते म्हणजे पुढे गोंधळ नको: एक गम, एक कागदाचं पॅड आणि खरंच गरज असेल तर एक कात्री. बाकी सगळं घरात असेल तेच. तर कुठला गम, कुठला कागद आणि करायला काय देऊ?

पुठ्ठेवाला
ग्लू गन घ्या, विषय संपला. मी गेली कित्येक वर्षं वापरतोय, बटण, काडी, कापड, पुठ्ठा काहीही पटकन बसतं आणि वाळायची वाट बघावी लागत नाही. आमच्याकडे अख्खं शहर उभं केलंय पुठ्ठ्याचं, पूल आणि क्रेनसकट, अजून एक जोड सुटलेला नाही.

निळीशाई
चार वर्षांच्या मुलाजवळ ग्लू गन नको हो. लो टेम्परेचरवालीसुद्धा भाजते, वितळलेला गम कातडीला चिकटून राहतो. पांढरा गम घ्या, फेव्हिकॉलसारखा. ओला असताना पांढरा दिसतो आणि वाळला की पारदर्शक होतो, त्यामुळे सांडला तरी चित्र बिघडत नाही.
आणि ग्लिटर आणू नका, कुणीही काहीही सांगू दे. एकदा घरात आलं की फरशीच्या फटीतून, गालिच्यातून, मुलांच्या केसांतून निघतच राहतं. प्लॅस्टिकचाच चुरा असतो तो.

पुठ्ठेवाला
गन मोठ्यांनी हातात धरायची असते, मुलांच्या हातात द्या असं मी म्हटलेलंच नाही.

चित्रवेडी
रानजाई, कागद का आक्रसतो ते आधी बघू, कारण गम बदलून ते पूर्ण जाणार नाही. कागदाचे तंतू पाण्याने फुगतात आणि लांबीपेक्षा आडवे जास्त फुगतात. प्रिंटरचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. त्यावर ओला गम आणि वर रंग पडला की तो टिकणार कसा? खाली घ्यायचा कागद निदान २०० जीएसएमचा हवा, वॉटरकलरचा ३०० चा मिळाला तर उत्तमच. वरून चिकटवायचे कागद मात्र पातळच बरे.
गम पांढराच घ्या, निळीशाईंना अनुमोदन. पण बाटलीतून थेट ओतू देऊ नका. जुन्या कार्डाचा तुकडा घेऊन पातळ पसरवायचा, कडेपर्यंत. आणि आधी सगळे तुकडे कोरडेच मांडून बघायचे, मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा, मगच चिकटवायचं. झालं की वर-खाली मेणकागद ठेवून जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा.
एक गोष्ट फार जण विसरतात. ऑइल पेस्टल किंवा मेणाचा खडू घासलेल्या जागेवर गम नीट धरत नाही. आणि वाळलेल्या पांढऱ्या गमावर वॉटरकलर बसत नाही, थेंब थेंब होऊन घरंगळतो. म्हणून क्रम असा: आधी पाण्याचे रंग, मग चिकटवणं, सगळ्यात शेवटी खडू. पार्श्वभूमीला खडूने रेघा मारून वरून पाण्याचा रंग फिरवायचा असेल (मेणावर रंग चढत नाही, रेघा उठून दिसतात, मुलांना हे भयंकर आवडतं) तर चिकटवायच्या जागा मोकळ्या सोडा.

कागदकपटे
+१ पांढरा गम. मी पण हेच सांगणार होते. वाळला की पारदर्शक होतो.

दोनपाती
मोठी मुलगी डावखुरी आहे का? कुणी विचारलंच नाही अजून.

रानजाई
हो, डावखुरी आहे. त्याने फरक पडतो का? कात्री लहान मुलांचीच आहे, दोन्ही हातांना चालते असं पाकिटावर लिहिलंय.

दोनपाती
फरक पडतो आणि खूप पडतो, मी स्वतः डावखुरा आहे म्हणून पोटतिडकीने सांगतोय. दोन्ही हातांना चालते म्हणजे बहुतेक वेळा फक्त मुठी सारख्या असतात, पाती उजव्या हाताचीच. उजव्या हाताने दाबलं की पाती एकमेकांवर घट्ट येतात. तीच कात्री डाव्या हाताने दाबली की पाती एकमेकांपासून लांब ढकलली जातात, मग कागद कापला न जाता मध्ये दुमडतो, अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. शिवाय वरचं पातं नेमकं आखलेल्या रेघेवर येतं, त्यामुळे आपण कुठे कापतोय ते दिसत नाही. खऱ्या डावखुऱ्या कात्रीत पाती उलटी बसवलेली असतात. तीच घ्या. आणि गोल कापताना तिला घड्याळाच्या दिशेने कापू द्या, उजव्या हाताची मुलं उलट दिशेने कापतात, तिला शिकवणाऱ्यांनी तसंच शिकवलं असणार. पोरीला कात्री जमत नाही असं तिच्यासमोर कृपया म्हणू नका, तिच्या हातात चुकीचं अवजार आहे.

छापखाना
कात्रीची कटकटच नको असेल तर डाय कटिंग मशीन (साच्याने कागदाचे आकार कापणारं) बघा. मी घेतलंय. पानं, अक्षरं, ढग, प्राणी, एका आकाराचे शंभर तुकडे काही मिनिटांत. मुलांना फक्त चिकटवायचं काम उरतं.

निळीशाई
छापखाना, बजेटमध्ये एक गम, एक पॅड आणि एक कात्री लिहिलंय.

छापखाना
एकदाच घ्यायचं असतं ते. वर्षानुवर्षं चालतं.

चित्रवेडी
आणि मुलांनी कापायचं नाही तर मग करायचं काय? कोलाजमध्ये आकार शोधणं हीच तर अर्धी मजा आहे. फ्रेंच चित्रकार मातिस म्हातारपणी, १९४१ च्या मोठ्या ऑपरेशननंतर, फार वेळ उभं राहता येईना तेव्हा कात्रीकडे वळला. त्याचे मदतनीस कागद गॉशने (दाट, अपारदर्शक पाण्याचा रंग) रंगवून द्यायचे आणि तो न आखता थेट कात्री चालवायचा. मुलांना हेच द्या, आधी एक दिवस नुसते कागद रंगवायचे. ब्रशने, स्पंजने, ओल्या रंगात कंगवा फिरवून, वर मीठ टाकून. तो ढीग वाळला की दुसऱ्या दिवशी त्यातून कापायचं. विकतच्या घोटीव कागदापेक्षा हे कागद कितीतरी जिवंत दिसतात.

जुनाकॅनव्हास
मातिस कशाला, कोलाज सुरू केलं पिकासोने. १९१२ साली वेताच्या विणीची छपाई असलेलं ऑइलक्लॉथ (मेणकापड) कॅनव्हासवर चिकटवलं आणि भोवती खरा दोर लावला. मिक्स मीडियाच झालं की हे.

कागदकपटे
त्याचा चित्रकार मित्र ब्राकने पण त्याच वर्षी लाकडाच्या रेषांचा वॉलपेपर कापून चित्रात चिकटवला होता. कागदापुरतं बोलायचं तर त्याचंच नाव आधी घ्यायला हवं.

चित्रवेडी
मग इंग्लंडच्या मेरी डेलनीचं काय? १७७२ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी तिने रंगीत कागद कापून काळ्या पार्श्वभूमीवर फुलं चिकटवायला सुरुवात केली, साधारण दहा वर्षांत ९०० च्या वर झाली, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. एकेका फुलात कागदाचे शेकडो कपटे आहेत आणि काही ठिकाणी खरं वाळलेलं पान पण लावलंय. पिकासोच्या १४० वर्षं आधी!

जुनाकॅनव्हास
तो छंद होता, चळवळ नव्हती. दोन्ही वेगळं.

चित्रवेडी
चळवळीचं बोलायचं तर वेगळा धागा काढा, मी येते तिथे. इथे धागाकर्तीला मुलांसाठी हवंय.

मधलीआळी
मी बालवर्गाला शिकवते. चार वर्षांच्या मुलाबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही म्हणून लिहिते. या वयात त्याला चित्र करायचंच नसतं, त्याला चिकटवायचं असतं आणि फाडायचं असतं. फाडणं हे हलकं काम समजू नका, दोन्ही हातांची चिमूट विरुद्ध दिशेला चालते, पुढे कात्री आणि पेन्सिल धरायला त्याचाच उपयोग होतो. कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा, ते त्याचं त्याला सापडू द्या. छापील कागद फाडला की पांढरी कड दिसते. हात बदलून उलट ओढलं की ती कड आपल्या तुकड्याला न येता दुसऱ्याला जाते. समुद्राच्या लाटांना आणि ढगांना ती कड फार शोभते.
दोघांना मिळून द्यायचं असेल तर डोंगरांचं चित्र द्या. लांबचा डोंगर फिका, जवळचा गडद, पाच-सहा पट्ट्या एकावर एक. धाकटा पट्ट्या फाडेल, मोठी ठरवेल कुठली मागे नि कुठली पुढे. पुढच्या पट्ट्यांखाली पुठ्ठ्याचे छोटे चौकोन लावले की त्या उचललेल्या दिसतात, सावली पडते. दुसरं म्हणजे घराचा उभा छेद. आतल्या खोल्या, पाकिटाच्या खिडक्यांचा पारदर्शक कागद खिडकीला, चिंधीचे पडदे, लोकरीचा गालिचा, उघडणारी दारं. यावर मोठी मुलगी आठवडाभर रमेल. तिसरं, पातळ कागद खाली खरबरीत काहीतरी ठेवून खडू आडवा घासायचा, पानाच्या शिरा, टोपलीची वीण, चपलेचा तळ असे ठसे जमवायचे आणि मग त्यांचे प्राणी करायचे.
दुकानातल्या बिलांचे गुळगुळीत कागद मात्र वापरू नका, त्यावर रसायनाचा थर असतो आणि मुलं बोटं तोंडात घालतात. तीन वर्षांखालचं कुणी आसपास असेल तर मणी, बटणं, चिकटवायचे डोळे टेबलावर नकोतच.
आणि एक विनंती, चेहऱ्यात डोळा कपाळावर चिकटवला तर हात धरून खाली आणू नका.

पुठ्ठेवाला
हे नाही पटलं. थोडं दाखवायला काय हरकत आहे? माझ्या मुलाला मी प्रमाण समजावलं म्हणूनच त्याचं काम आज सगळे बघत राहतात. सगळं त्यांच्यावर सोडलं तर शिकणार कधी?

मधलीआळी
नऊ वर्षांच्या मुलीने विचारलं तर जरूर दाखवा. चार वर्षांच्या मुलाने विचारलेलं नसतं.

निळीशाई
मधलीआळी, अगदी मनातलं. आमच्याकडे एक नातेवाईक मुलीचं चित्र "नीट" करून देतात आणि मग ती त्याला हातच लावत नाही, माझं नाही ते म्हणते.

ओलाब्रश
पतंगी कागद सुचवतो. तुकडे ओले करून पांढऱ्या जाड कागदावर ठेवायचे, वाळले की उचलायचे, रंग खाली उतरलेला असतो. सगळ्याच कागदांचा उतरत नाही, आधी कोपरा भिजवून बघा. फरशीवर आणि कपड्यांवर पण उतरतो, तेव्हा खाली प्लॅस्टिक हवं. गम म्हणाल तर पिठाची खळ घरीच करा, विकत काही आणायला नको. पण एक-दोन दिवसांत संपवावी लागते, नाहीतर बुरशी येते.

कागदकपटे
खळीला नंतर किडे लागतात. पांढरा गमच घ्या.

छापखाना
मशीनचा धागा वेगळा काढू का? तिघांनी विचारलंय व्यनितून (खाजगी निरोपातून).

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. काय ठरवलंय ते लिहिते. डावखुरी कात्री घेतली. काल तिने एक वर्तुळ कापलं आणि बराच वेळ ते हातात धरून बसली, दोनपाती, तुमचे उपकार विसरणार नाही.
गम मात्र ग्लू स्टिकच घेतेय, पांढरा नाही. सगळ्यांनी पांढरा सांगितला हे मान्य, पण धाकट्याला घेऊन रोज टेबल धुणं मला शक्य नाही, आणि स्टिकमध्ये पाणी कमी म्हणून कागद पण कमी आक्रसतो. कापड-लोकर त्याने धरणार नाही, तर तूर्त कापड-लोकर नकोच, कागदावर कागद. पॅडही घेत नाहीये. घरात मोठं खोकं आहे ते उघडून सपाट केलंय, दोघं त्या एकाच पुठ्ठ्यावर डोंगर करणार, एक एका टोकाकडून, दुसरा दुसऱ्या. कागद रंगवायचं काम आज सकाळी झालं, सगळीकडे वाळत पडलेत.

चित्रवेडी
अगं पण मिक्स मीडिया हवं होतं ना तुला? स्टिकने वर्षभरात कडा सुटायला लागतात, माझ्याकडे कितीतरी चित्रांची अशी अवस्था आहे.

रानजाई
सुटल्या तर परत चिकटवतील. रंगवलेले कागद, खडूचे ठसे, पाकिटांच्या खिडक्या एवढं आहे त्यात, मोठीला पुरतंय सध्या.

पुठ्ठेवाला
खोक्याचा पुठ्ठा असेल तर एक सांगतो, ग्लू गनचा विषय बाजूला. एका बाजूला एवढा कागद लावला की तो वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, अख्खा बोर्ड वाकतो. स्टिकने कमी वाकेल पण रंगवलेले कागद पुरते वाळले नसतील तर वाकेलच. आधी मागच्या बाजूला त्याच मापाचा साधा कागद लावून घ्या, मग पुढून सुरुवात करा. दोन्हीकडून सारखी ओढ बसते.

रानजाई
हे माहीत नव्हतं. वर्तमानपत्र चालेल का मागे?

पुठ्ठेवाला
चालेल. दोन थर लावा, आणि पुठ्ठ्याच्या नळ्या ज्या दिशेला आहेत त्याला आडवे.