१९७२ ची मार्क टू अँबेसेडर: स्टिअरिंग आहे तसंच ठेवायचं की पॉवर बसवायचं?

पैठणगेटकर (छत्रपती संभाजीनगर)
वडिलांची १९७२ ची अँबेसेडर पुन्हा रस्त्यावर आणतोय. इंजिनाचं काम झालं, आता सगळ्यांचा एकच आग्रह आहे: “अल्टोचा इलेक्ट्रिक स्टिअरिंग कॉलम टाक, एका बोटानं फिरेल.” (कॉलम म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाखालचा दांडा; इलेक्ट्रिक कॉलमची मोटर तो वळवायला मदत करते.) माझं मत ठाम आहे, टाकू नये. तुमचं मत ऐकायचं आहे, पण आधी माझी कारणं.

ही गाडी मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. तिला पहिल्यापासून रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि छोटं दातेरी चाक) स्टिअरिंग आहे. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना वर्म गियरचा बॉक्स असायचा, त्यात थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, यायचाच. अँबेसेडरचं चाक जड लागतं खरं, पण रस्ता थेट हातात येतो. पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर आले की काळ्या मातीचा चिखल पसरतो. पुढचं चाक त्यावर सुटायला लागलं की मूठ आधी हलकी पडते. तो इशारा मला गमवायचा नाही.

दुसरं, जडपणा फक्त उभ्या गाडीत आहे. चाक जरा गडगडू दिलं की वळतं. कंपनीचे टायर होते ५.९०-१५, म्हणजे अरुंद. लोक रुंद रेडियल चढवतात आणि मग दोष स्टिअरिंगला देतात.

गंजगोलाई (लातूर)
दादा, तुमचं गाडीवरचं प्रेम कळतंय, पण मला हे अजिबात पटलं नाही.

मी पद्मिनी चालवते. आमच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. हातगाडे, रिक्षा, मध्येच थांबलेला टेम्पो. तिथं चाक गडगडू द्यायला जागा कुठंय? उभ्या गाडीतच पूर्ण चाक मारावं लागतं, तेही मागंपुढं करत. माझ्या उजव्या खांद्याचं दुखणं जुनं आहे. भाजी घेऊन घरी आले की हात वर जात नाही.

अजून एक बोलते, राग मानू नका. “गाडी जड आहे, तुला जमणार नाही” हे वाक्य आमच्याकडं किती घरांत बायकांना ऐकावं लागलंय! चावी खुंटीवर असते, पण ती घ्यायची कुणी हे ठरलेलं असतं. पॉवर स्टिअरिंगनं ती चावी घरातल्या सगळ्यांची होते. वय झालेल्या सासऱ्यांचीसुद्धा.

आणि पॉवर स्टिअरिंग म्हणजे जुन्या गाडीचा अपमान, हे कुठून आलं? अमेरिकेत क्रायस्लर इम्पीरियलला ते १९५१ मध्येच मिळत होतं. तुमच्या अँबेसेडरलाही पुढं कंपनीनंच तो पर्याय दिला होता. शेडमध्ये झाकून ठेवलेल्या अस्सल गाडीपेक्षा रोज बाजारात जाणारी गाडी मला जास्त जिवंत वाटते.

मोंढ्यातलं गॅरेज (नांदेड)
दोघंबी थांबा. आधी गाडी जॅकवर घ्या, पुढची दोन्ही चाकं हवेत करा आन् स्टिअरिंग फिरवा. हवेतबी जड लागत असंल तर वजनाचा काही संबंध नाही. सांधे कोरडे पडलेत, नाहीतर रॅक सुकलाय. निप्पलला (सांध्यावरच्या ग्रीस भरायच्या तोंडाला) ग्रीस मारतानाबी चाक हवेतच पाहिजे, भार असला की ग्रीस लागायच्या जागी पोचत नाही. मग हवा बघा, टो (पुढची चाकं एकमेकांकडं किती वळलीत ते) बघा. आमच्याकडं पॉवर बसवायला म्हणून लोक यायलेत, त्यातल्या लई जणांचं काम ग्रीस-हवेतच भागतंय.

आता इलेक्ट्रिक कॉलमचं. दादा, तुमच्या मार्क टूचा गियरचा दांडा स्टिअरिंग कॉलमवरच आहे ना? कॉलम काढला की गियर कुठं लावणार? खाली आणायचा म्हणजे सगळी लिंकेज नवी. हे कुणी आधी सांगत नाही.

आन् करंट. ह्या मोटरला पार्किंग करतानाच जास्त करंट लागतो. त्याच वेळी इंजिन आयडलला असतंय, आन् जुना डायनॅमो आयडलला चार्जिंगच देत नाही म्हणलं तरी चालंल. सगळा भार बॅटरीवर. आधी अल्टरनेटर (आयडललाबी चार्जिंग देणारा), मग बाकीचं.

शाफ्ट कापून वेल्डिंग मारणारे हायेत, त्यांच्याकडं जाऊ नका. हात जोडून सांगतो. ते वेल्डिंग घाटात तुटलं तर चाक नुसतं हातात फिरतंय.

पैठणगेटकर
गियरचा मुद्दा अगदी नेमका सांगितलात, मामा. कॉलमवरचा गियर हीच तर या गाडीची ओळख आहे.

ताई, चावीचं म्हणालात ते खरं आहे आणि मनाला लागलं. पण त्यासाठी गाडीचा मूळ कॉलम कापायचा, हे मला मान्य नाही. एकदा कापलेला भाग परत तसा होत नाही. आणि असा कॉलम गाडीच्या वेगाचा सिग्नल नसला की सगळ्या वेगाला सारखीच मदत देत राहतो, असं वाचलंय. बाजारात हलकं बरं, पण जालना रोडला ऐंशीच्या वेगात तेवढंच हलकं चाक मला नको.

खुलताबादचा वाटसरू
तुम्ही दोघं दोन वेगळ्या गाड्यांबद्दल भांडताय. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ येतं, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये. त्यात चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल चालत नाही. स्टिअरिंगचं नाव तिथं नाही, पण तपासणारी समिती मूळपणा बघते. मोठी अट पुढं आहे: अशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

म्हणजे दादांनी व्हीए घ्यायचं असेल तर काही हलवू नये. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणी ठेवावी, आणि मग ताईंचा मुद्दा वजनदार होतो. माझ्यापुरतं म्हणाल तर मी दौलताबादच्या वेशीतून मूळ स्टिअरिंगनंच गाडी काढतो आणि घाट चढतो. दोन्ही हातांनी चाक धरावं लागतं म्हणून लक्षही रस्त्यावरच राहतं.

गंजगोलाई (लातूर)
काका, तुमचे खांदे शाबूत आहेत म्हणून हे बोलता येतंय. दुखऱ्या हातानं चाक ओढणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर कमी आणि दुखण्यावर जास्त असतं. माझी नोंदणी साधीच आहे आणि ती तशीच राहणार. माझ्या पद्मिनीचा गियर खाली आहे, अल्टरनेटरही आहे. दादांची अडचण मला नाही. मी बसवणार.

मामा, मूळ कॉलम न कापता बसेल का?

मोंढ्यातलं गॅरेज (नांदेड)
बसंल ताई. तुमचा कॉलम स्टिअरिंग बॉक्सला जोडलेलाच असला तर बॉक्सबी सुटा करून आख्खाच बाजूला ठेवायचा, त्याच्या जागी दुसरा बॉक्स लावायचा. मधला शाफ्ट नवा करून घ्या, दोन्ही टोकांना दातेरी युनिव्हर्सल जॉइंट, बोल्टनं आवळलेले. वेल्डिंग कुठंच नको. ब्रॅकेट डॅशबोर्डच्या मूळ छिद्रांवरच घ्या. वेगाच्या सिग्नलसाठी वेगळं मॉड्यूल मिळतंय, त्याच्यावर मदत कमी-जास्त करता येते. ते कमीवरच ठेवा. मग इंजिन बंद करून एकदा चाक फिरवून बघा. करंट गेला तरी तुमच्या हातानं वळलं पाहिजे. नाही वळलं तर गाडी बाहेर काढू नका.