घुमटावर चढाच
इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट खालूनच बघावा, वर चढून दमण्यात अर्थ नाही, असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरतात हे खरं. पण ती वाट घुमटाच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन कवचांच्या मधून जाते! भिंत अंगावर कलत येते, आणि माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रचलेल्या विटा अगदी हाताशी दिसतात. जमिनीपासून आधाराचा लाकडी सांगाडा न उभारता वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये हे बांधलं, त्यात या रचनेचा मोठा वाटा. वरून लाल कौलं, पलीकडे टस्कनी प्रांताच्या टेकड्या. वेळ मात्र आधीच आरक्षित करा, शक्यतो सकाळची. आम्ही जुलैत भर दुपारी चढलो, तेही पाण्याची बाटली हॉटेलात विसरून.