पॉलिमर दुप्पट केलं तरी सेंट्रिफ्यूजचा केक ओलाच. आणि हा गाळ शेताला द्यायचा का?

दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात माझी नुकतीच गाळाच्या विभागात बदली झाली आहे. आधी इनलेटच्या पंपांवर होतो, त्यामुळे इथलं सगळं नवीन. आमची पद्धत अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजची, म्हणजे मैलापाण्यात हवा सोडून जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडून घाण खाववायची. क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीच्या) तळाचा जादा गाळ थिकनरला (गाळ दाट करणाऱ्या टाकीला), तिथून साठवण टाकीत, मग पॉलिमर (कणांचे गोळे धरणारं रसायन) देऊन सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनवर. निघालेल्या घट्ट गाळाला केक म्हणतात. डायजेस्टर (गाळ बंद टाकीत मुरवण्याची सोय) नाही.

जुने ऑपरेटर सांगतात की केक भुसभुशीत यायचा, दाबला की चुरा व्हायचा. आता लिबलिबीत येतो, ट्रॉलीत ढीग राहत नाही, पसरतो. लॅबच्या नोंदीत घन पदार्थ २२ टक्के असायचे, आता १६. सेंट्रेट (मशीनमधून निघणारं पाणी) काळपट, वर पांढरा फेस. वरिष्ठांनी पॉलिमर वाढवायला सांगितलं. जवळजवळ दुप्पट केलं तर केक आणखी चिकट झाला. केकच्या शेडमध्ये जागा उरली नाही म्हणून मशीन थोडेच तास चालतं, आणि साठवण टाकी कायम काठोकाठ.

दुसरी गोष्ट, आसपासचे शेतकरी हा केक खत म्हणून मागतात. देऊन टाकला तर जागा मोकळी होईल असं वरिष्ठांचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

गाळघर

पॉलिमर आणि मशीन दोन्ही जरा बाजूला ठेवा आणि साठवण टाकीकडे बघा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून गाळ टाकीतच बिघडतोय.

जादा गाळ म्हणजे जिवंत जिवाणूंचे पुंजके. टाकीत हवा नाही, त्यामुळे ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, आणि त्यानंतर सल्फेटवर जगणारे जिवाणू जोर धरतात. हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, गाळातल्या लोहाशी त्याची गाठ पडली की काळा आयर्न सल्फाइड होतो. तुमच्या सेंट्रेटचा काळपटपणा तिथला. याच काळात पुंजके फुटतात आणि अगदी बारीक कण मोकळे होतात. कणांवर ऋण भार, पॉलिमरवर धन भार. कण जितके बारीक तितकं त्यांचं पृष्ठफळ मोठं, म्हणजे तेवढ्याच गाळाला पॉलिमर जास्त लागतं आणि तरीही पकड ढिली राहते. फेस मात्र बहुधा जादा पॉलिमरचा. हातमोजा घालून सेंट्रेट दोन बोटांत चोळून बघा. बुळबुळीत लागलं तर पॉलिमर वाया जाऊन पाण्याबरोबर बाहेर पडतंय.

आता हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका, बीकरमध्ये बघा. २०० मिली गाळ घ्या. ०.१ टक्क्याचं पॉलिमर द्रावण पिपेटने थोडं थोडं टाका आणि दर वेळी गाळ एका बीकरमधून दुसऱ्यात ओतत राहा. सुरुवातीला काहीच दिसणार नाही. मग काचेच्या कडेला रवा धरल्यासारखं दिसेल, आणि पुढच्या एखाद-दोन मिलीत गोळे धरून पाणी एकदम सुटेल, मधलं पाणी नितळ. तिथे थांबा आणि आकडा लिहा. त्यापुढे टाकत गेलात तर गोळे एकमेकांना चिकटून काचेवर लोंबतात आणि पाण्याला तार येते, जे आज तुमच्या मशीनमध्ये चाललंय. हिशेब सोपा आहे: गाळ ३ टक्क्यांचा असेल तर २०० मिलीत ६ ग्रॅम कोरडा पदार्थ. ४० मिली द्रावण लागलं म्हणजे ४० मिलिग्रॅम पॉलिमर, टनाला सुमारे पावणेसात किलो. सेंट्रिफ्यूजमध्ये घुसळण जोरात होते, तेव्हा प्रत्यक्षात याहून थोडं जास्त लागेल.

हीच चाचणी थिकनरच्या ताज्या गाळावर आणि टाकीतल्या गाळावर शेजारी शेजारी करा. दोन्हींचे घन टक्के आधी काढा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

ओल्या केकचा भार किती पडतो तेही बघा. १ टन कोरडा गाळ २२ टक्क्यांच्या केकमध्ये साधारण साडेचार टन भरतो. १६ टक्क्यांवर तोच सव्वासहा टन. म्हणजे पावणेदोन टन निव्वळ पाणी तुम्ही शेडमध्ये साठवताय. शेड भरली म्हणून मशीन कमी, मशीन कमी म्हणून गाळ कुजतो, कुजला म्हणून केक ओला, आणि ओला म्हणून शेड पुन्हा भरते. हे चक्र टाकीपाशीच तोडावं लागतं. मशीनचे तास वाढवा, पातळी खाली आणा, गाळ एक दिवसाच्या वर पडू देऊ नका, आणि सोय असेल तर टाकीत हवा किंवा मिक्सर चालू ठेवा. एरेशनमधून (हवा देण्याच्या टाकीतून) जादा गाळ काढणं थांबवणं हा उपाय मुळीच नाही. तो गाळ एरेशन टँकमध्येच वाढत जातो आणि शेवटी क्लॅरिफायरच्या वियरवरून (पाणी सांडायच्या काठावरून) बाहेर पडतो. सेंट्रेटही तपासायला द्या. ते इनलेटला परत जातं, तेव्हा मशीनने न पकडलेला गाळ अख्ख्या केंद्रातून पुन्हा फिरून येणार.

एक कळकळीची विनंती. टाकी रिकामी झाली म्हणून कुणालाही आत उतरवू नका. कुजलेला गाळ ढवळला की सल्फाइडचा वायू एकदम सुटतो, आणि १०० पीपीएमच्या आसपास नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका गेला, या समजुतीने माणसं गेली आहेत. एक उतरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. गॅस मीटर, जोराचं वायुवीजन, हार्नेस आणि वर उभा माणूस यातलं एक जरी नसेल तर काम थांबवा, वरिष्ठ कितीही घाई करोत.

भिंगाखाली

गाळघर दादांशी सहमत. लॅबकडून दोन गोष्टी विचारून घ्या. केकचा नमुना उघडा पडून राहिला होता का? वरून वाळलेला नमुना चांगला आकडा दाखवतो. आणि १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवला होता का? शिवाय एसव्हीआय (गाळ किती नीट खाली बसतो याचा आकडा) बघा. तो १५०च्या वर गेला असेल तर तंतुमय जिवाणू वाढलेले असू शकतात. असा गाळ थिकनरमध्ये नीट बसत नाही, मशीनवर पातळच येतो, आणि मग टाकी सुधारूनही अर्धाच फायदा दिसेल.

दुसरी_पाळी

चाचणी केली. दोन्ही गाळ ३ टक्क्यांच्या आसपास. थिकनरचा ताजा गाळ ३६ मिलीत सुटला, पाणी नितळ. टाकीतल्या गाळाला ७० मिली लागलं आणि पाणी तरीही गढूळच. बीकर वरिष्ठांच्या टेबलावर नेऊन ठेवले. मशीन तिन्ही पाळ्या चालवायला परवानगी मिळाली आहे. एसव्हीआय १२० निघाला. आता शेताचं सांगा, कारण तीन पाळ्या चालवायच्या तर केक कुठेतरी जायलाच हवा.

गाळघर

बीकर टेबलावर नेलेत हे फार चांगलं केलंत.

केक शेताला आहे तसा देऊ नका. सेंट्रिफ्यूज पाणी काढतं, रोगजंतू नाही. उलट गोलकृमीची अंडी पाण्यापेक्षा जड असल्याने तळाशी बसतात, म्हणजे मैलापाण्यातली बहुतेक अंडी तुमच्या गाळात जमतात. त्यांचं कवच इतकं चिवट की मातीत ती काही वर्षं तग धरतात. तुमचा गाळ डायजेस्टरमधून गेलेला नाही, त्याला चुना लागलेला नाही, त्याचं कंपोस्ट झालेलं नाही. म्हणजे तो कच्चा आहे. अनवाणी शेतात काम करणारी माणसं आणि तिथे खेळणारी पोरं यांच्यापर्यंत तो जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

शेतकऱ्यांची मागणी मात्र अगदी रास्त आहे. या गाळात नत्र आणि स्फुरद भरपूर असतं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९२६ पासून असा गाळ उष्णतेने वाळवून मिलऑर्गनाइट नावाने खत म्हणून विकला जातो. तेव्हा द्यायचा, पण प्रक्रिया करून.

जागा असेल तर कंपोस्ट सगळ्यात चांगलं. अमेरिकेच्या १९९३च्या नियमांत उघड्या ढिगासाठी ५५ अंश किंवा त्याहून जास्त तापमान १५ दिवस आणि त्या काळात ५ वेळा ढीग पालटणं सांगितलंय. पालटणं यासाठी की बाहेरचा थंड थर आत जाऊन तापावा. तुमचा केक एकटा तापणार नाही, कारण हवा शिरायला जागाच नाही. लाकडाचा भुसा, फांद्यांचा चुरा किंवा वाळका पाला मिसळून ओलावा ६० टक्क्यांवर आणा. थर्मामीटर ढिगाच्या पोटात आणि कडेला, दोन्हीकडे लावा.

चुना झटपट होतो. सामू १२वर २ तास आणि पुढचे २२ तास ११.५च्या खाली नाही, एवढं साधलं तर वास आणि माश्या आटोक्यात येतात आणि जिवाणू बरेच मरतात. अंडी मरतीलच असं नाही. म्हणूनच त्याच नियमांत अशा अर्धवट निर्जंतुक गाळानंतर जमिनीला टेकणाऱ्या भाज्या १४ महिने काढायच्या नाहीत आणि जनावरं ३० दिवस चरायला सोडायची नाहीत असं बंधन आहे. चुना मिसळताना ढिगातून अमोनिया डोळ्यांत झोंबेल इतका निघतो, शेड उघडी ठेवा.

मातीपरीक्षक

एक भर घालते. कॅडमियम, शिसं, पारा ना ५५ अंशांनी जातात ना चुन्याने. कंपोस्ट करायच्या आधीच केकची धातूंची तपासणी करून घ्या. अमेरिकेत चांगल्या दर्जाच्या गाळासाठी कॅडमियमची मर्यादा कोरड्या किलोला ३९ मिलिग्रॅम आहे. तुमच्या भागातला नियम वेगळा असेल तर तोच पाळा. मैलापाण्यात प्लेटिंग किंवा बॅटरीच्या कारखान्यांचं पाणी येत असेल तर एका नमुन्यावर भिस्त ठेवू नका, वेगवेगळ्या दिवशी घ्या. मर्यादेबाहेर निघाला तर शेताचा विषय संपला. मग लँडफिल किंवा जाळण्याचीच वाट.

दुसरी_पाळी

धातूंसाठी नमुने उद्यापासून वेगवेगळ्या दिवशी काढतो. अहवाल येईपर्यंत शेतकऱ्यांना नाही सांगायचं, हे वरिष्ठांना पटलंय. तोवरचा केक लँडफिलला. ढिगाच्या तापमानाची वही कुणी ठेवत असेल तर रकाने कसे आखलेत ते कळवा.

गाळघर

तारीख, ढीग क्रमांक, पोटातलं तापमान, कडेचं तापमान, पालटला की नाही, सही. तापमान एका दिवशी जरी ५५च्या खाली घसरलं तरी दिवसांची मोजणी नव्याने सुरू करायची.