मदत हवी आहे: संडासच्या टाकीतला मिथेन खरोखर कमी कसा करायचा? (काळी जमीन, दर्यापूर तालुका)

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. गाव खारपाणपट्ट्यातलं, जमीन काळी भारी. घरात ६ माणसं. टाकी विटांची, आतून प्लास्टर, दोन कप्पे. आतलं माप २.४ मी × १.२ मी, पाण्याची खोली १.५ मी, म्हणजे साधारण ४,३०० लिटर. बांधल्यापासून उपसलेली नाही. न्हाणी आणि मोरीचं पाणीही त्याच टाकीत जातं. बाहेरचा पाइप थेट नालीत. गॅसपाइप २ इंची, स्लॅबच्या वर काढलेला. गोठ्यात दोन बैल आणि एक गाय.

वास ही अडचण नाही. टाकीतून हवेत जाणारा मिथेन कमी करायचा आहे. आतापर्यंत तीन सल्ले मिळाले: जिवाणूंची पावडर टाका, टाकीला तिसरा कप्पा जोडून ती मोठी करा, संडास गोबरगॅसला जोडा. तिन्हींपैकी नेमका कशाने फरक पडतो? टाकी पाडायची नाही. पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे.

मुरूमरेती

भाऊ, आधी आकडा पाहू, म्हणजे कुठे मेहनत घ्यायची ते कळेल. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) पद्धतीत भारतासाठी माणशी रोजची सेंद्रिय घाण ३४ ग्रॅम बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनवरून काढलेलं माप) धरतात. १ किलो बीओडीतून जास्तीत जास्त ०.६ किलो मिथेन होतो आणि सेप्टिक टाकीत त्याच्या निम्मा होतो असं मानतात. म्हणजे माणशी रोज १० ग्रॅम, वर्षाला ३.७ किलो. तुमच्या घराचे झाले २२ किलो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट भारी, म्हणून हे सुमारे ६०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके. १४.२ किलोचे १४ सिलिंडर जाळले तर साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड होतो. कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष टाक्यांवर मोजमाप झालं तेव्हाही माणशी रोज ११ ग्रॅमच्या आसपासच मिथेन मिळाला होता, त्यामुळे हा अंदाज हवेतला नाही.

आता पावडर. ती गाळ "खाते" म्हणतात. पण गाळातला कार्बन जातो कुठे? टाकीत हवा नाही, तेव्हा तो गॅस होऊनच बाहेर पडणार. पावडरीने गाळ खरंच कमी झाला तर मिथेन वाढला असं समजा. नाही झाला तर पैसे गेले. माणसाच्या मैल्यात लागतील तेवढे जिवाणू आधीच असतात.

टाकी मोठी करणं त्याहून वाईट. मैला जितका जास्त काळ हवेविना पडून राहील तितका तो जास्त कुजून गॅस होईल. भारतीय मानक २४७० प्रमाणे १० माणसांना, दोन वर्षांनी उपसायची असेल तर, २ मी × ०.९ मी × १.४ मी, म्हणजे अडीच हजार लिटर पुरतात. तुमची टाकी आत्ताच गरजेपेक्षा बरीच मोठी आहे. टाकी मोठी म्हणून कोणी उपसत नाही आणि जुना गाळ वर्षानुवर्षं गॅस देत राहतो. आपल्याकडे उन्हाळा ४५ अंशांवर जातो, टाकीतलं पाणीही तापतं आणि तेव्हा गॅस सगळ्यात जोरात सुटतो.

म्हणून पहिलं काम उपसा.

वऱ्हाडी_गवंडी

सहमत. पण उपसण्याआधी गाळ मोजा. सरळ १० फुटी बांबू घ्या, खालच्या मीटरभर भागाला पांढरा टॉवेल गुंडाळून सुतळीने आवळा. बाहेरच्या टी-पाइपातून सरळ तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं ठेवा, मग हळूच फिरवत बाहेर काढा. टॉवेलवर जिथपर्यंत काळा डाग राहतो तेवढा गाळ. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक-तृतीयांश, तुमच्याकडे ५० सेंमी, झाली की टाकी भरली समजा. मिथेनचा विचार असेल तर तेवढीही वाट पाहू नका, दर ३ वर्षांनी उपसा. माणशी वर्षाला ४० लिटर गाळ धरला तर ६ जणांचा ३ वर्षांत ७२० लिटर होतो.

उपसताना:

पावसाळ्यात टाकी रिकामी करू नका. काळी माती फुगते, आतून पाण्याचा आधार नसला की भिंती आत दाबल्या जातात आणि आडवी भेग पडते. मार्च ते मे हा काळ बरा. उपसा झाला की त्याच दिवशी निम्म्यापर्यंत तरी साधं पाणी भरा.

तळाला चार बोटं गाळ राहू द्या, घासून धुऊ नका. झाकणं उघडून अर्धा तास थांबा, जवळ बिडी-काडी नको. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की भडका उडतो. आणि कोणीही आत उतरायचं नाही, दोरी बांधूनसुद्धा नाही. हायड्रोजन सल्फाइडने माणूस ओरडायच्या आत पडतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. काम फक्त मैला उपसणाऱ्या टँकरच्या पाइपानेच.

पूर्णाकाठ

धन्यवाद दादा. टँकरवाला गाळ नेऊन कुठे टाकतो यावर माझा भरवसा नाही. नाल्यात ओतला तर मिथेन फक्त जागा बदलेल ना?

मुरूमरेती

बरोबर पकडलं. जवळच्या नगरपरिषदेचं मैलागाळ प्रक्रिया केंद्र बाहेरगावचा गाळ घेतं का, ते आधी ठरवा आणि टँकर तिथेच रिकामा होईल असं बोलून घ्या. ते जमत नसेल तर स्वतःच्या शेतात चरात पुरा: रुंदी ६० सेंमी, गाळाचा थर ४० सेंमी, वर किमान ३० सेंमी माती. ४,३०० लिटरला १८ मीटर लांब चर लागतो. जागा मुरमाड, उंचवट्याची, विहिरीपासून लांब. काळ्या रानात पाणी मुरत नाही आणि उन्हाळ्यात भेगांतून गॅस वर येतो. वर झाडं लावा, भाजीपाला नको. वरच्या मातीच्या थरातले मिथेन खाणारे जिवाणू बराचसा गॅस वाटेतच संपवतात.

वऱ्हाडी_गवंडी

दुसरं काम, मोरी आणि न्हाणी टाकीतून तोडा. यात तडजोड नाही. खरकटं आणि तेल ही निव्वळ गॅसची सामग्री. शिवाय हे पाणी वेगळं केल्याशिवाय पुढचा शोषचर (टाकीतून नालीत जाणारं पाणी जमिनीत मुरवणारा गिट्टीचा चर) बसतच नाही. हिशोब असा: काळ्या मातीत भिंतीच्या १ चौ. मी. मधून दिवसाला १० लिटरच पाणी मुरतं असं धरून चालावं लागतं. नुसतं संडासचं पाणी माणशी २० लिटर म्हटलं तर १२० लिटर, म्हणजे १२ चौ. मी. भिंत. सगळं पाणी आलं तर ३६० लिटर, ३६ चौ. मी. एवढी जागा अंगणात कुठून आणणार?

१२ चौ. मी. साठी चर १० मीटर लांब, ६० सेंमी रुंद ठेवा, पाइपाखाली ६० सेंमी गिट्टी. दोन्ही बाजू धरून बरोबर १२ भरतात. पाइप ४ इंची, खालच्या बाजूला दर १५ सेंमीवर १० मिमी छिद्रं, उतार अगदी नावाला, १० मीटरला ३ सेंमी. गिट्टी २० ते ४० मिमी, धुतलेली, पाइपाच्या भोवतालची धरून दीड ते पावणेदोन ब्रास. वर शेडनेटचे दोन थर आणि मग माती, नाहीतर पहिल्याच पावसात बारीक माती खाली उतरून चर बंद होतो. हातपंप, विहीर १५ मीटरच्या आत नको.

खोदाई ओल्या मातीत केली की जेसीबीच्या बकेटने भिंत चकचकीत घोटली जाते आणि पाणी मुरतच नाही. कोरडी असताना खोदा आणि भिंती पंजाने खरवडून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये चर तुंबेल हे गृहीत धरा. म्हणून नालीकडची जुनी वाट बुजवू नका, वरच्या पातळीला ओव्हरफ्लो म्हणून राहू द्या.

मोरीच्या पाण्याला वेगळं चेंबर, त्यात जाळी आणि तेल अडवायला खाली वळलेला पाइप, पुढे केळी-कर्दळीचा वाफा.

धानपट्टा

मी भंडारा जिल्ह्यातून. नवीन घराला टाकीऐवजी दोन शोषखड्डे केले तर मिथेन कमी होतो ना? स्वच्छ भारतवाले तेच सांगतात.

मुरूमरेती

ताई, खड्ड्याच्या तळाखाली पाण्याची पातळी खोल असेल तर खूप कमी. जास्तीत जास्त होऊ शकणाऱ्या मिथेनपैकी किती भाग होतो, त्याचा आकडा आयपीसीसीच्या तक्त्यात कोरड्या जागी, छोट्या कुटुंबाच्या खड्ड्याला ०.१, टाकीला ०.५. पण भूजल खड्ड्यात शिरत असेल तर तोच आकडा ०.७ होतो, टाकीपेक्षा वाईट. धानाच्या बांधीलगत पावसाळ्यात पाणी हातभरावर येतं. तिथे खड्डे उथळ आणि रुंद करा, संडासचं जोतं उंच घ्या, भोवती ३० सेंमी रेतीचा थर द्या. भरलेला खड्डा दोन वर्षं बंद ठेवला की सोनखत तयार मिळतं, तेव्हा दुसरा खड्डा हवाच.

शेणखत

गोबरगॅसबद्दल. जोडता येतो, आणि महाराष्ट्रात हे जुनंच आहे, देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडासला जोडलेले संच गावोगाव रुजवले. पण नुसत्या संडासवर चूल पेटणार नाही. माणशी रोज २५ ते ३० लिटर गॅस, ६ जणांचा ०.१७ घनमीटर. तुमच्या तीन जनावरांचं हाती लागणारं शेण ३० किलो धरा, किलोला ४० लिटर, म्हणजे १.२ घनमीटर. एकूण १.३५ च्या जवळपास. १ घनमीटर म्हणजे ०.४३ किलो एलपीजी, त्या हिशोबाने एक सिलिंडर २४ दिवसांचं काम.

अडचण पाण्याची. शेणाला बरोबरीनेच पाणी लागतं, ३० किलोला ३० लिटर. जास्त उताराचं ग्रामीण भांडं दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं, ते असेल तर जमतं. बादली ओतायची सवय असेल तर शेण-पाण्याची रबडी पातळ होते, तिचा संचातला मुक्काम ४० दिवसांऐवजी निम्म्यावर येतो आणि अर्धवट कुजलेली रबडी बाहेर पडून उघड्यावर गॅस देते. अ‍ॅसिड, फिनाइल बंद. काळ्या जमिनीत विटांचा घुमट तडकतो, मुरूम भरून पाया केल्याशिवाय दीनबंधू (विटांच्या घुमटाचा गोबरगॅस संच) बांधू नका.

आणि ही गोष्ट फार लोक विसरतात: उकिरड्यावरचं सुटं शेण मिथेन थोडाच देतं, संचात घातलेलं भरपूर. तो गॅस रोज जळला तरच फायदा. घर आठवडाभर बंद, चूल नाही, गॅस हवेत, असं वारंवार होणार असेल तर तुमच्या ६०० किलोत भरच पडेल. रोज दोन वेळा त्यावर स्वयंपाक होणार असेल तरच हात घाला.

पूर्णाकाठ

घर दिवाळीत आणि उन्हाळ्यात बंद असतं, तेव्हा गोबरगॅस सध्या बाजूला. उपसा आणि चर केल्यावरही गॅसपाइपातून काही सुटणारच. त्यावर काही?

मुरूमरेती

गॅसपाइपाचं तोंड कधीही बंद करू नका, हे आधी. त्यावर शेणखताचा गाळणा बसवता येतो, त्यातले जिवाणू मिथेन खातात. कचरा डेपोंवर हे तत्त्व वापरतात, घरगुती टाकीवर अजून प्रयोगाचीच गोष्ट, म्हणून निम्म्याहून जास्त घट गृहीत धरू नका.

तुमच्या टाकीतून तासाला अडीच ग्रॅम मिथेन, एकूण गॅस पाच-सहा लिटर. त्याला २०० लिटरचे दोन प्लास्टिक ड्रम शेजारी शेजारी लावा. तळाशी १५ सेंमी गिट्टी, त्यात २ इंची पाइप, वर जाळी, त्यावर ६० सेंमी मिश्रण: पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, पऱ्हाटीचे बोटभर तुकडे एक भाग. शेणखत अर्धकच्चं असेल तर ड्रम स्वतःच मिथेन सोडू लागेल. वरचं तोंड उघडं, हातभर उंचीवर पत्रा. पाइपाला टाकीकडे उतार, म्हणजे शिंपलेलं जास्तीचं पाणी परत टाकीत जातं.

ग्रामीण भांड्याचा पाणसापळा २० मिमीचाच असतो. गाळणा तुंबला तर गॅस संडासात येईल. म्हणून पाइपाला एक टी काढून त्याचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवा आणि बाटलीला त्या टोकाच्या १० मिमी वर छिद्र पाडा. दाब वाढला की गॅस तिथून बुडबुडत सुटेल. बाटली मोकळ्या हवेत, चुलीपासून दूर. टाकीच्या झाकणांच्या फटी सिमेंटऐवजी पातळ चुन्याच्या गाऱ्याने बुजवा, पुढच्या उपशाला फोडता येतील. सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी पेटवून नाही.

मूठ दाबली की हात ओला व्हावा पण थेंब पडू नये, एवढाच ओलावा. मे महिन्यात एक दिवसाआड झारीने पाणी आणि ड्रमवर सावली, मिश्रण ४५ अंशांवर गेलं की जिवाणू संपतात. दर वर्षी वरची वीतभर बदला.

एक राहिलं. शोषचरातून थोडा नायट्रस ऑक्साइड निघतो, तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट भारी असतो, तेव्हा हिशोब शून्यावर येणार नाही.

पूर्णाकाठ

मग क्रम असा धरतो: चर, मोरी वेगळी, मग उपसा, शेवटी ड्रम.

वऱ्हाडी_गवंडी

नाही भाऊ, उपसा आधी. आत्ता टाकी गाळाने भरलेली असेल तर पहिल्याच आठवड्यात गाळ वाहून चरातल्या गिट्टीत बसेल आणि सगळी गिट्टी काढून धुवावी लागेल. मोरी तोडा, टाकी उपसा, पाणी भरा, बाहेरच्या टी-पाइपाचं खालचं टोक पाण्यात ४५ सेंमी बुडालंय का पाहा, आणि मगच चर जोडा. ड्रम पावसाळ्यानंतर लावले तरी चालतील.