उत्तर: सायलेन्सर बदलल्यावर चेक इंजिनचा दिवा

नवीन एक्झॉस्ट बसवल्यापासून दिवा पेटतोय आणि एका बँकेला (सिलिंडरच्या एका रांगेला) 'लीन' म्हणजे पेट्रोल कमी, दुसऱ्या बँकेला 'रिच' म्हणजे पेट्रोल जास्त, असे कोड येताहेत, असं तुम्ही म्हणताय. व्ही६ (दोन रांगांत सहा सिलिंडर) आहे ना? मग ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) विकत आणायची घाई करू नका. माझी पैज, दोन्ही बँकांच्या पुढच्या सेन्सरचे (कॅटच्या, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, आधी असतात त्यांचे) कनेक्टर अदलाबदल झालेत. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एका बाजूचं वाचून दुसऱ्या बाजूचं पेट्रोल वाढवतो, वाचन काही बदलत नाही, म्हणून आणखी वाढवतो. शेवटी एक बाजू काळा धूर ओकते आणि दुसरी उपाशी. पी०१७१ (बँक १ लीन) आणि पी०१७५ (बँक २ रिच) जोडीने आले तर हेच समजा. बँक १ म्हणजे ज्या बाजूला पहिला सिलिंडर आहे ती. डावी-उजवी असा अंदाज बांधू नका.

पुढचा-मागचा ओळखायला स्कॅनर लावा. साध्या नॅरोबँड (फक्त लीन की रिच एवढंच सांगणाऱ्या) सेन्सरचा पुढचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा नाचतो, कॅटच्या मागचा बराचसा स्थिर राहतो.

काढलेच आहेत तर एक सांगतो: आधी सेन्सर आटा लावून घट्ट करा, मग प्लग जोडा. मी एकदा उलटं केलं आणि वायरीला दोरीसारखा पीळ बसला. अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नको. प्लगमध्ये ग्रीसही भरू नका, बरेच सेन्सर वायरीतूनच बाहेरची हवा घेतात.

आणि पुढच्या सेन्सरच्या अलीकडचं गॅस्केट फुसफुसतंय का, थंड इंजिन चालू करून कान देऊन बघा.